सुतक कोणाला लागते?

‘साबर बोंडं’ हा मराठी चित्रपट १९ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा आमच्याकडे त्याचा दिवसाला एकच खेळ होता आणि तोही सकाळचा. प्रेक्षागृहात आम्ही मोजून अकरा जण होतो. चित्रपट सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तोच माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ शेजारच्याकडे वळून म्हणाले, “आवाज गेला वाटतं.” आवाज गेलेला नव्हता. पडद्यावर जे काही घडत होते त्याचे आवाज येतच होते. नव्हते ते पार्श्वसंगीत, आणि ते शेवटपर्यंत येणार नव्हते. त्या गृहस्थांची चूक म्हणता येणार नाही. कोणी गप्प बसले की व्हायोलिन वाजते, कोणी कोणाकडे पाहिले की बासरी वाजते, याची आपल्या सर्वांच्या कानांना इतकी सवय झाली आहे की नुसती शांतता ऐकू आली तर यंत्र बिघडल्यासारखे वाटते.

गोष्ट थोडक्यात सांगतो. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा तिशीचा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी येतो. गावात त्याचा बालपणीचा मित्र बाल्या आहे, जो शेती करतो आणि ज्याच्या लग्नासाठी घरचे मागे लागले आहेत. आनंदच्याही मागे नातेवाईक लागलेलेच आहेत. त्या दहा दिवसांत या दोघांमध्ये जे उमलते, किंवा आधीपासून होते ते पुन्हा हाताला लागते, तो हा चित्रपट आहे. भूषण मनोज आणि सुराज सुमन यांनी हे दोघे उभे केले आहेत, आईच्या भूमिकेत जयश्री जगताप आहेत. दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. ते मुंबईत वाढले, अंतर्गत सजावटीचे काम शिकले, चित्रपट करायला मात्र कोणत्या संस्थेत शिकले नाहीत. वडिलांच्या निधनानंतर ते स्वतः असेच दहा दिवस गावी राहिले होते, लग्नाचा तगादा त्यांनीही सोसला होता, आणि या वेळी इथे आपला म्हणता येईल असा एखादा मित्र असता तर, या विचारातून ही कथा निघाली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातले सर्वोच्च परीक्षक पारितोषिक या चित्रपटाला मिळाले. त्या महोत्सवात पोहोचलेला हा पहिला मराठी चित्रपट. एवढे होऊनही आमच्या वाट्याला सकाळचा एकच खेळ आला, ही तक्रार इथेच सोडून देतो.

सुतकाची चौकट निवडण्यात केवढी सोय आहे, हे मला चित्रपट पाहिल्यानंतर दोन दिवसांनी लक्षात आले. आपल्याकडे दोन पुरुषांनी गावात निवांत एकत्र बसावे, रानात हिंडावे, काही न करता वेळ घालवावा, याला एरवी कारण लागते. शेतात काम असते, बाजार असतो, जत्रा असते, ग्रामपंचायतीची निवडणूक असते. सुतकातल्या माणसाला मात्र काहीच करायचे नसते. त्याने देवपूजा करायची नाही, कोणाच्या शुभकार्याला जायचे नाही, चैनीचे काही करायचे नाही, दाढी करायची नाही आणि दहा दिवस मुकाट्याने काढायचे. त्याच्या गप्प राहण्याला कोणी नाव ठेवत नाही, उलट तो गप्प आहे म्हणजे त्याला दुःख झाले आहे असे सगळे समजून घेतात. ज्याला एरवी जन्मभर एका वेगळ्याच कारणासाठी गप्प राहावे लागले, त्याला या दहा दिवसांत गप्प राहण्याची अधिकृत परवानगी मिळते, आणि त्या परवानगीच्या आडोशाला तो पहिल्यांदा थोडेसे बोलू शकतो.

“अव्यक्त प्रेम” असे म्हटले की आपल्या मनात एक कोंडलेला, घुसमटलेला माणूस येतो. ते चित्र खोटे नाही. परंतु गावाकडे व्यक्त प्रेम तरी कोणाचे असते? माझ्या आजीने आजोबांना उभ्या आयुष्यात नावाने हाक मारली नाही. आजोबांनी तिच्याशी गोड बोललेले मी एकदाही ऐकले नाही. मात्र बाजारातून आले की पिशवी ते तिच्याच हातात देत आणि पिशवीच्या तळाशी तिच्या पानासाठी काताची पुडी असे. ती न सांगता आणलेली असे, आणि न बोलता घेतली जाई. आमच्याकडे जिव्हाळ्याची भाषाच मुळी “जेवलास का” आणि “पोचल्यावर फोन कर” या दोन वाक्यांत संपते. तेव्हा आनंद आणि बाल्या एकमेकांना काही म्हणत नाहीत, यात गावाच्या दृष्टीने वेगळे असे काही नाही. फरक एवढाच की आजीआजोबांच्या न बोलण्यामागे सप्तपदी होती, सातबारा होता, सहा मुले होती. न बोलताही सगळ्यांना सगळे ठाऊक होते. या दोघांच्या न बोलण्यामागे काहीच नाही, म्हणून त्यांना प्रत्येक गोष्ट नव्याने सिद्ध करावी लागते, आणि तीही कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने.

चित्रपटातली मला सर्वांत भावलेली गोष्ट प्रेमप्रसंगांत नसून बतावणीत आहे. आनंदच्या आईला मुलाचे सगळे माहीत आहे. वडिलांनाही माहीत होते आणि त्यांनी ते स्वीकारले होते. तरीही भावकीने विचारले की सांगायला काहीतरी हवे, म्हणून घरात एक गोष्ट रचून ठेवली आहे. मुलाचे एका मुलीवर प्रेम होते, ते फिसकटले, तेव्हापासून त्याचे मन लग्नावरून उडाले आहे. ही गोष्ट किती विचारपूर्वक शिवलेली आहे पाहा. तिच्यात मुलगा शहाणा राहतो, घराण्याला बट्टा लागत नाही, ऐकणाऱ्याला हळहळायला जागा मिळते, आणि पुढचा प्रश्न विचारणे अप्रशस्त ठरते. शाळा फारशी न शिकलेल्या एका बाईने मुलाभोवती उभे केलेले हे कुंपण आहे. जयश्री जगताप यांनी ही आई कुठेही थोर केलेली नाही. ती मधूनच चिडते, थकते, नवऱ्याच्या दुःखात बुडालेली असतानाही नातेवाइकांचे मानपान सांभाळते, आणि त्याच दमात मुलाची पाठराखण करते. स्वीकाराची भाषणे देणारे आईबाप आपण अलीकडे जाहिरातींत पुष्कळ पाहिले. ही आई भाषण देत नाही, ती खोटे बोलते, आणि मला ते अधिक खरे वाटले.

बाल्यासारख्या माणसाकडे आणखी एक आडोसा असतो, जो त्याला रचावाही लागत नाही, कारण तो गेल्या काही वर्षांत आपल्या समाजानेच बांधून दिला आहे. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे आता महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येते. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणारे तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले होते. वर्तमानपत्रांनी ती बातमी गमतीने छापली, पण त्यातली हताशा खरी होती. मी ती बातमी आज वेगळ्या नजरेने वाचतो. त्या घोड्यांच्या आसपास, मिरवणुकीच्या कडेला, असाही एखादा असेल ज्याला मुलगी मिळत नाही याचे मनातून हायसे वाटत होते. पस्तिशी उलटली तरी “यंदा बघू, पाऊस बरा झाला तर” एवढे म्हणून त्याची सुटका होत असेल. दुष्काळ, पडलेले भाव आणि घटलेली जमीन अशी सगळी संकटे त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभी. आनंदला आईची गोष्ट वाचवते आणि बाल्याला बाजारभाव, असे मला चित्रपट पाहताना सारखे वाटत होते.

आता पैशाविषयी. हा चित्रपट थोडक्या पैशांत केलेला आहे हे पहिल्या काही दृश्यांतच कळते, आणि मी हे दोष म्हणून सांगत नाही. नटांचे चेहरे ओळखीचे नाहीत, झगमगाट नाही, गाणी नाहीत. छायालेखक विकास उर्स यांचा कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी ठाण मांडून बसतो. माणसे चौकटीत येतात, बसतात, उठून जातात, आणि कॅमेरा त्यांच्या मागे धावत नाही. हा कॅमेरा मला सुतकाच्या घरी भेटायला आलेल्या पाहुण्यासारखा वाटला. तो भिंतीला टेकून बसतो, सगळे पाहतो, पण आतल्या खोलीत शिरत नाही. पैसा मुबलक असता तर काय झाले असते याचा मी उगाच विचार करून पाहिला. ड्रोनने हिरवागार डोंगर दाखवला असता. दोघांच्या पहिल्या स्पर्शाला सतार वाजली असती. एखाद्या बड्या नटाला बाल्या केले असते आणि त्याच्या हाताला मेकअपने घट्टे काढले असते. न बोललेले प्रेम दाखवायचे तर ते न बोललेलेच राहू द्यावे लागते, आणि ज्याने संगीतकाराचे पैसे मोजले आहेत त्याला ते राहू देणे जड जाते. थोडक्या पैशांतल्या चित्रपटांना आपण एरवी सवलतीचे गुण देतो, “बजेटच्या मानाने चांगला” असे म्हणतो. इथे मला ती सवलत द्यावीशी वाटत नाही, कारण या विषयाला पैशाचा मोह नसणे हीच सोय होती.

एक गोष्ट मात्र खटकली. नातेवाइकांचा लग्नाचा तगादा इतक्या वेळा येतो की तिसऱ्या-चौथ्या खेपेला ते नातेवाईक माणसे न राहता नुसते प्रश्न होऊन जातात. भावकीतली माणसे अशी एकसुरी नसतात. लग्नाचे विचारणारा काकाच रात्री उशाला पाण्याचा तांब्या ठेवून जातो, आणि त्याच्या या दोन रूपांमुळेच त्याच्यावर धड रागावताही येत नाही. तेवढी गुंतागुंत त्या माणसांना मिळायला हवी होती.

चित्रपटाच्या नावाचे फळ मी लहानपणी भरपूर खाल्ले आहे, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहितो. बांधावरच्या फड्या निवडुंगाला ही बोंडे लागतात आणि पिकली की गडद लाल, जवळजवळ जांभळी होतात. ती हाताने तोडायची नसतात. लांब काठीचे टोक चिरून त्याचा चिमटा करायचा, बोंड त्यात धरून पिळायचे आणि खाली पाडायचे. मग मातीत लोळवून, झाडपाल्याने घासून त्याची कुसळे घालवायची. मोठे काटे दिसतात, त्यांची भीती नसते. भीती असते ती केसाएवढ्या कुसळांची, जी बोटात शिरलेली कळत नाहीत आणि रात्री अंथरुणात ठसठसू लागतात. साल काढून बोंड उघडले की आत आणखी एक काटेरी चांदणी असते, ती नखाने काढून टाकायची, नाहीतर घशात अडकते. एवढे सगळे झाल्यावर हाताला येतो तो दोन घासांचा गर, त्यातही निम्म्या बिया. जीभ मात्र तासभर लालभडक राहते आणि घरी गेल्यावर काही बोलायच्या आधीच चोरी पकडली जाते. दुसऱ्यासाठी बोंड सोलून देणे म्हणजे काय, हे ज्याने स्वतःची बोटे ठसठसताना रात्र काढली आहे त्यालाच कळेल. चित्रपटात बाल्या आनंदसाठी ही बोंडे आणतो. ते पाहताना माझी बोटे आपोआप आखडली, आणि गुलाब देणाऱ्या सगळ्या नायकांची मला थोडी कीव आली.

या फळाची आणखी एक गंमत आहे. असली प्रेमे ही बाहेरून आलेली फॅडे आहेत, आपल्या मातीत असले काही नव्हते, असे म्हणणारे लोक या चित्रपटावरही तसेच बोलले. आपल्या मातीतले म्हणून ज्याच्यावर आपण हक्क सांगतो ते फड्या निवडुंग मात्र मुळात अमेरिका खंडातले आहे. ते इथे आले, कुंपणाला लावले गेले, मोकाट पसरले, आणि इतके माजले की त्याला आवरण्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून दक्षिण भारतात एका जातीचे किडे आणावे लागले. म्हणजे साबर परदेशी आणि एका पुरुषाला दुसरा पुरुष आवडणे हे मात्र इथलेच, असा खरा हिशेब आहे. कायद्याचेही तसेच. भारतीय दंड संहितेतले कलम ३७७ इंग्रजांनी १८६० मध्ये लिहिले, आणि सज्ञान व्यक्तींमधल्या परस्परसंमतीच्या संबंधांना त्यातून सर्वोच्च न्यायालयाने वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. विवाहाची मान्यता मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नाकारली गेली. या सगळ्या तारखा आनंदला माहीत असतील, बाल्याला कदाचित नसतील. आणि त्या माहीत असल्या तरी बाल्याचे कोणते काम त्यांनी सोपे झाले असते, असा प्रश्न मला पडतो. पोलीस पाटलाची भीती त्याला कधी नव्हतीच. त्याला भीती आहे ती पारावर आपण जाऊन बसलो आणि बोलणे थांबले, या प्रसंगाची.

शहर म्हणजे सुटका, हे समीकरणही मला पूर्वीइतके सोपे वाटत नाही. मुंबईत एका खोलीच्या घरात आईवडिलांसह राहणाऱ्या मुलाला एकांत कुठे मिळतो? रानात निदान झाड तरी असते. चित्रपट या दोन्ही जागांना आपापल्या अडचणींसह पाहतो आणि गावाला खलनायक करत नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे. शेवट काय होतो ते सांगत नाही; पाहणाऱ्याने तो स्वतः पाहावा.

घरी परतताना मला आमच्या नानांची आठवण झाली. नाना म्हणजे माझे चुलत आजोबा. त्यांचा एक जोडीदार होता, आम्ही मुले त्यांना आबा म्हणत असू. ते दुसऱ्या भावकीतले आणि दुसऱ्या वाडीवरचे होते. दोघांची सावड होती. एक बैल नानांचा, एक बैल आबांचा, आणि त्या जोडीवर दोघांचीही शेते नांगरली जात. बैल गेले, ट्रॅक्टर आले, तरी सावड मोडली नाही. आबा रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत. दोघे फारसे बोलत नसत. एक चंची दोघांच्या मध्ये ठेवलेली असे, तिच्यातून आळीपाळीने पान निघे, आणि अंधार पडला की आबा उठून जात. नानांचा संसार होता, आबांनी लग्न केले नव्हते. का केले नाही, याची एक गोष्ट गावात सांगितली जाई. ठरलेली मुलगी पटकीने गेली अशी काहीशी होती. त्या दोघांमध्ये काय होते हे मला ठाऊक नाही आणि त्याला काही नाव देण्याचा मला अधिकारही नाही. पण ती पटकीची गोष्ट मला त्या दिवशी चित्रपटगृहाच्या पायऱ्या उतरताना आठवली आणि मी जरा वेळ तिथेच उभा राहिलो.

नाना वारले तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांचा होतो. सुतक भावकीला लागते, मित्राला लागत नाही. आबांनी तिरडीला खांदा दिला, नदीवर अंघोळ केली आणि त्यांचे सुतक तिथेच फिटले. दुसऱ्या दिवशी ते रानात गेले, आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळेला ओट्यावर येऊन बसले. मुले खालीच बघतात, त्यामुळे मला ते दिसले. आबा अनवाणी होते. तिसऱ्या दिवशीही होते, पाचव्या दिवशीही होते. एप्रिलचा महिना होता आणि त्यांच्या वाडीवरून आमच्या घरापर्यंतची वाट खडकाची होती. मी आईला विचारले, आबांच्या पायात काही का नाही? आईने निवडण्यातले ताट खाली ठेवले नाही, मान वर केली नाही, फक्त म्हणाली, “चप्पल तुटली असेल त्यांची.”

तेराव्याला पंगती उठल्यावर नानांच्या वस्तू वाटायचे चालले होते. छत्री भाच्याला गेली, धोतरजोडी कोणाला तरी गेली. नानांच्या करकरणाऱ्या वहाणा कोपऱ्यात होत्या. त्या भाच्याच्याच हाती जायच्या, तसा रिवाज होता. चुलत आजीने त्या उचलल्या, पदराने त्यांच्यावरची धूळ पुसली, ओट्यावर आली आणि आबांच्या पायांपुढे ठेवल्या. ती काही बोलली नाही. आबांनी बराच वेळ पाय हलवला नाही. मग त्यांनी त्या घातल्या. त्यांना त्या बोटभर मोठ्या होत होत्या. त्या संध्याकाळी आबा वाडीकडे निघाले तेव्हा वहाणांचा आवाज उताराच्या वळणापर्यंत येत होता, आणि दाराशी उभी राहिलेली आजी तो थांबेपर्यंत आत गेली नाही.